सासूबाईंचं केडगाव

"सासूबाईंना घेऊन केडगावला जाऊन येते," असं मी म्हटलं, तेव्हा वर्तमानपत्रातून मान वर न करता आमचे हे म्हणाले, "मग त्यात विचारायचं काय? रिक्षानं जा!"

नगरच्या मैत्रिणींना यातली गंमत लगेच कळेल. आमच्या नगरला (२०२४ पासून अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेचं वळण जायला वेळ लागतो) पुणे रस्त्यावर एक केडगाव आहेच, देवीचं केडगाव. आता ते शहरातच जमा झालंय. आम्हाला जायचं होतं ते केडगाव मात्र पुणे जिल्ह्यातलं, दौंड तालुक्यातलं. पुणे-दौंड लोहमार्गावरचं ते एक लहानसं स्टेशन. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव.

तुमच्यामाझ्यासारख्या बायकांना कुणी ना कुणी विचारतंच, "मूळ गाव कुठलं हो तुमचं?" कुणी वाई सांगतं, कुणी पाथर्डी. आमच्या सासूबाई सांगतात, "केडगाव." तिथं त्यांचं घर नाही, शेत नाही, भाऊबंद नाहीत. त्यांची आजी, म्हणजे आईची आई, तिथं वाढली, एवढंच. १८९७ सालच्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी आणलेल्या मुलींमधली ती एक. वय अंदाजे सात वर्षांचं. अंदाजे म्हणायचं, कारण तिला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती, गावाचं नाव सांगता येत नव्हतं, आईचा चेहराही आठवत नव्हता. तिला आठवत होतं ते फक्त झाडाखाली बसलेलं असणं. त्याच्या अलीकडचं सगळं आयुष्य केडगावपासून सुरू झालं. मग मूळ गाव दुसरं कुठलं सांगणार?

आता आमच्या घराविषयी थोडं सांगायला हवं. आम्ही ख्रिस्ती. नगर जिल्ह्यात आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत. नाताळला आमच्याकडे केक येतो, पण करंज्या आणि शंकरपाळ्यांशिवाय नाताळ झाल्यासारखा वाटत नाही. शेजारच्या वहिनींकडून होळीची पुरणपोळी येते, आमच्याकडून नाताळचा डबा जातो. मी मराठी घेऊन बी.ए. केलं आणि एका शाळेत अर्धवेळ शिकवते. रविवारी उपासना, रात्री जेवणाआधी प्रार्थना, मुलांची संडेस्कूल, हे सगळं नेमानं चालतं. कुणी विचारलं असतं, "तुम्ही येशूच्या मागे चालता का?" तर मी क्षणभरही न थांबता "हो" म्हटलं असतं.

गेल्या श्रावणातल्या एका रात्रीनं ते "हो" माझ्या घशात अडकवलं. तीच गोष्ट मनात घेऊन मी केडगावला गेले, म्हणून आधी ती सांगते. लाज वाटते, पण सांगते.

रात्रीचे साडेनऊ झाले असतील. पाऊस धो धो कोसळत होता. बेल वाजली. दारात आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताई, हातात कापडी पिशवी, आणि पदराखाली त्यांची दहा वर्षांची मुलगी. नवऱ्यानं पिऊन येऊन मारलं होतं आणि घराबाहेर काढलं होतं. "बाई, दोन रात्री मागच्या पडवीत पडू द्या. कुणाला त्रास नाही व्हायचा."

मैत्रिणींनो, त्या अर्ध्या मिनिटात माझ्या मनात काय काय येऊन गेलं म्हणून सांगू! मोठीची चाचणी परीक्षा. नवरा इथं येऊन आरडाओरडा करील. गल्लीत तमाशा होईल. आणि सगळ्यात वर तरंगत आला तो विचार हा, की आपण ख्रिस्ती. उद्या कुणीतरी म्हणेल, "बघा, अडलेल्या बाईला घरात घेतली, आता बाटवतील." हल्ली असं बोललं जातं, तुम्हीही ऐकलं असेल. तो विचार आला आणि मला चक्क सुटल्यासारखं वाटलं. नाही म्हणायला एक मोठं कारण मिळालं ना!

"आजच्या रात्री बहिणीकडे जाता का? उद्या बघू काहीतरी," असं मी म्हणाले. दोनशे रुपये दिले, छत्री दिली आणि दार लावलं. दिवाणखान्यात सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या काहीच बोलल्या नाहीत.

बहीण गावाला गेलेली होती. मायलेकींनी ती रात्र एस.टी. स्टँडवर काढली, हे मला नंतर कळलं. आठ दिवसांनी ताई कामावर आल्या. छत्री नीट घडी घालून त्यांनी दाराच्या कोपऱ्यात ठेवली आणि भांडी घासायला बसल्या. त्या घडी घातलेल्या छत्रीकडे मला कितीतरी दिवस बघवेना.

जानेवारीत एके दिवशी सासूबाई अचानक म्हणाल्या, "मला एकदा केडगाव दाखव. पाय आहेत तोवर." नकार द्यायला या वेळी माझ्याकडे कारण नव्हतं.

मग काय, पोळ्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी असा डबा बांधला. सासूबाईंनी ट्रंकेतून आजीचं पवित्र शास्त्र काढलं. रमाबाईंनी स्वतः भाषांतर केलेलं. त्याची पाठ निखळलेली, म्हणून ते इरकली लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं असतं. नगरहून दौंड, दौंडला गाडी बदलून केडगाव. डब्यात दत्तभक्तांची गर्दी होती, कारण केडगावजवळच नारायणमहाराजांचं बेट आणि तिथलं दत्तमंदिर आहे. शेजारच्या आजींनी विचारलं, "बेटावर चाललात?" सासूबाई म्हणाल्या, "नाही हो, माहेरी." दोघींनी मग चटणीची देवाणघेवाण केली.

स्टेशनाबाहेर पडलं की उसाचा मुलूख. मधूनच गुऱ्हाळाचा गोडसर धूर नाकात शिरतो. आज ही हिरवाई पाहून पटत नाही, पण रमाबाईंनी इथं जमीन घेतली तेव्हा हा भाग कोरडा होता. विहिरी खणून, फळझाडं लावून त्यांनी ती जमीन वसवायला घेतली. कारण अगदी गृहिणीचं होतं. १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदासदन काढलं, ते पुढच्याच वर्षी पुण्याला हलवलं. त्याचा खर्च अमेरिकेतून येणाऱ्या मदतीवर चाले आणि त्या मदतीचं वचन दहा वर्षांचं होतं. पुढं काय? तर बागेचं उत्पन्न. दुसऱ्याच्या पैशावर घर कायमचं चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शाळेत आपण रमाबाई एका परिच्छेदात संपवतो. आता माझ्याबरोबर जरा थांबा. १८५८ साली जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईनं मुलीला. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडे. दुष्काळाच्या त्या काळात आईवडील आणि बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हिंडत कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पुढं भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, मनोरमा जन्मली, आणि १८८२ मध्ये पटकीनं नवराही गेला. वय तेवीस, कडेवर लेक. त्याच वर्षी पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथं वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ती झाल्या, पण कुणाची बाहुली झाल्या नाहीत, हे मला फार आवडतं. इंग्लंडमधल्या जोगिणींशी त्यांनी धर्मावर वाद घातले. क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्ये का, असं विचारलं. शाकाहार सोडला नाही, पांढरी साडी सोडली नाही. विलायती चालीरीती घेतल्या म्हणजे येशू मिळाला, असं त्यांनी कधीच मानलं नाही.

मुक्तीच्या आवारात शिरलं की पहिल्यांदा नजरेत भरतं ते मोठं दगडी देऊळ. आम्ही मराठी ख्रिस्ती चर्चला देऊळही म्हणतो. क्रूसाच्या आकाराची इमारत. जुन्या फोटोंत पांढऱ्या साड्यांतल्या मुली जमिनीवर ओळीनं मांडी घालून बसलेल्या दिसतात, इथून तिथवर नुसत्या मुली. सासूबाई आत जाऊन एका खांबापाशी खालीच बसल्या. बाकं असतील तर बाकावर बसा म्हटलं तर म्हणाल्या, "आजी खाली बसायची."

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाईंना स्वतःचे ते दिवस आठवले असणार. त्या उठल्या आणि मध्य प्रांतात गेल्या. तिथून सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. इकडे पुण्यात प्लेगचा कहर, सरकारी निर्बंध, एवढ्या जणींना शहरात ठेवता येईना. मग केडगावच्या शेतावर तंबू ठोकले, झोपड्या बांधल्या. त्या शेताचं झालं मुक्तिसदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. तुम्ही आम्ही घरात चार पाहुणे जास्त आले की कणीक किती भिजवू म्हणून गोंधळतो!

बरं, नुसतं जेवू घालून बाईचं भलं होत नाही, हेही त्या जाणत. दूधदुभतं, तेलघाणी, माग, शिवण, धोबीकाम, छापखाना, सगळी कामं बायकाच करत. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची व्यवस्था मनोरमाबाईंनी केली. फसवल्या गेलेल्या, टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होतं. सासूबाईंची आजी छापखान्यात खिळे जुळवायची. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल उतरवलं. त्याची छपाईही इथं, बायकांच्याच हातांनी. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. लेकीचं दुःख पोटात घालून आई प्रुफं तपासत राहिली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पुरं बायबल छापून बाहेर आलं ते १९२४ मध्ये. त्यातली एक प्रत इरकलीत गुंडाळलेली माझ्या पिशवीत होती. यातली काही अक्षरं या घरातल्या एका अनाथ मुलीच्या बोटांनी लावली असतील, या विचारानं पिशवी मला जड वाटायला लागली.

सासूबाई देवळात बसल्या असताना मी बाहेर पायरीवर टेकले आणि १८९३ साल आठवत बसले. शारदासदनात धर्माच्या बाबतीत सक्ती होणार नाही, असं ठरलं होतं. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसत. पुण्यात वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यात पालकांची काळजी खोटी होती, असं मी म्हणणार नाही. माझी लेक दुसऱ्याच्या घरी राहून वेगळ्या देवाची प्रार्थना करू लागली तर माझ्याही पोटात गोळा येईल. अडलेल्या माणसाला हात देणाऱ्यानं आपला हात स्वच्छ ठेवायलाच हवा. आणि हेही विसरू नका, की याच शारदासदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई. त्यांचं १८९३ मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. त्या आपल्या बाया कर्वे. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, पण शिकून उभ्या राहिल्या आणि अण्णांच्या कामात त्यांनी जन्म घातला.

एक गोष्ट मात्र मला त्या पायरीवर लख्ख दिसली. लोक काय म्हणतील हे रमाबाईंनाही माहीत होतं, माझ्यापेक्षा शंभरपटीनं. दोन्हीकडून बोलणी खाल्ली त्यांनी. विलायतेतले म्हणत, पुरेशी ख्रिस्ती नाही. इथले म्हणत, धर्म बुडवला. पण त्यांनी लोकांच्या बोलण्याचं निमित्त करून दार लावलं नाही. मी लावलं.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट मी संडेस्कूलमध्ये किती वेळा सांगितली असेल! रस्त्यावर जखमी माणूस पडलेला, याजक बाजूनं निघून जातो, लेवीही निघून जातो. मुलांना विचारायचं, "का बरं थांबले नसतील?" मुलं म्हणायची, "वाईट होते." आता मला वाटतं, वाईट नसतील. त्यांच्याही मुलीची चाचणी परीक्षा असेल.

रमाबाईंच्या समाधीपाशी सासूबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. मग आपणहून म्हणाल्या, "आजीला कुणी कुणी दारातून परत पाठवलं असेल, कोण जाणे. माणसं वाईट नसतात गं, घाबरलेली असतात. पण एका दारानं नाही म्हटलं नाही, म्हणून मी झाले, तुझा नवरा झाला, पोरं झाली." पावसाळ्यातल्या रात्रीचा शब्दही त्यांनी काढला नाही. काढायची गरजच नव्हती.

तुम्हाला जायचं असेल तर थोडं सांगते. पुण्याहून केडगाव साठेक किलोमीटर, रेल्वेनं किंवा रस्त्यानं जाता येतं. हिवाळ्यात जा. आधी फोन करून परवानगी घ्या. हे सहलीचं ठिकाण नाही, मुलींचं आणि बायकांचं घर आहे. मोबाइलवर मुलींचे फोटो काढू नका. वाढदिवसाचा केक कापायला आणि बिस्किटं वाटताना स्वतःची छबी काढायला तर मुळीच जाऊ नका. द्यायचंच असेल तर काय हवंय ते विचारून द्या. येताना गुऱ्हाळावरून काकवी आणायला विसरू नका. पोळीबरोबर मुलं आवडीनं खातात.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी ताईंना म्हटलं, "त्या रात्री माझं चुकलं." त्या संकोचल्या. "जाऊ द्या बाई." मी म्हटलं, "जाऊ द्यायचं नाही. पुन्हा तशी वेळ आली तर सरळ इकडे या. कितीही वाजले तरी." मागच्या खोलीतली रद्दी, मोडका पाळणा, रिकामे डबे, सगळं हलवलं. चुना मारून घेतला.

मार्चमध्ये ती वेळ आली. मायलेकी आल्या. दुसऱ्या दिवशी नवराही आला, फाटकातून ओरडला. माझे पाय लटपटले. हे पुढं झाले आणि शांतपणे म्हणाले, "आत यायचं नाही." एवढ्यात शेजारच्या वहिनी त्यांच्या ओट्यावर येऊन नुसत्या उभ्या राहिल्या, मग समोरच्या काकू. तो निघून गेला. ज्या लोकांना मी श्रावणात भ्यायले होते, ते हेच. मग आम्ही १८१ या महिला हेल्पलाइनला फोन केला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं बाईला नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क आहे, संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, हे मला बी.ए. होऊनही तोवर धड ठाऊक नव्हतं. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईला हे जरूर सांगा. आता अर्ज झालाय, तारखा चालू आहेत.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "मग, आणताय का तिला देवळात?" मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तिला झोपायला जागा हवी होती, ती दिली."

त्याच संध्याकाळी ताईंनी पिशवीतून तुळजाभवानीची तसबीर काढली आणि ती हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. विचारावं की नाही, असा चेहरा. मी काही बोलायच्या आत सासूबाई हत्यारांच्या डब्यातून हातोडी घेऊन आल्या. "कुठं लावायची? पूर्वेला का?" म्हणाल्या, आणि चष्मा सावरत त्यांनीच खिळा ठोकला.